गाडी कडकच राहू द्या, थकवा तेवढा काढा

सोलापुरातनं कुठंही जायचं म्हटलं की लांबच जायचं असतं. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर, कोल्हापूर दोनशेच्या वर, आणि त्यातल्या त्यात जवळचं विजापूर ते पण शंभर. म्हणजे मोठ्या शहरातले लोक जशी स्पोर्ट्स कार रविवारी सकाळी जवळच्या घाटात फिरवून आणतात आणि परत झाकून ठेवतात तसं इथं होत नाही, इथं असली गाडी घेतली की ती आपोआप लांब पल्ल्याची गाडी होते. आणि मग प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, कंबर दुखत नाही का रे?

आता दुखत नाही. त्यासाठी काय काय केलं, कुठं पैसे घातले आणि कुठं घालायची गरजच नव्हती हे सगळं लिहून ठेवतोय, कारण सोलापुरात असल्या गाड्या वाढायल्यात आणि जो तो आधी सस्पेन्शन खोलायला निघतो.

माझ्याकडं सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड फोर आहे, २००९ ते २०१६ मध्ये यायचं ते मॉडेल, दोन सीट, सहा सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना, आणि छत बटण दाबलं की साधारण वीस सेकंदात घडी होऊन डिकीत जातं. पण खाली जे लिहिलंय ते ऑडी टीटी, बॉक्स्टर, मस्टँग, कुठल्याही खाली बसणाऱ्या गाडीला लागू पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. स्पोर्ट्स कार मऊ करायला जाऊ नका. तिची मजा तिच्या कडकपणातच आहे, ती मऊ केली तर ती इनोव्हा पण होणार नाही आणि स्पोर्ट्स कार पण राहणार नाही. माणूस थकतो तो खड्ड्यानं नाही. खड्डा एक सेकंद दणका देतो आणि संपतो. थकवा येतो तो तीन-चार तास न थांबता चालू असलेल्या गोष्टींनी, म्हणजे टायरची घरघर, सायलेन्सरची गुणगुण, पाठीला लागणारी बारीक थरथर, मानेवर येणारं ऊन आणि चुकीची बैठक. या गोष्टी एकेक करून काढल्या की तीच गाडी, तेवढीच कडक, पण पुण्याला उतरल्यावर माणूस ताजा असतो.

बैठकीपासून सुरू करा, कारण ती फुकट आहे. बरेच जण सीट मागं ढकलून, पाठ लांब टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखे बसतात, दिसायला भारी वाटतं पण मोहोळ येईपर्यंत मान आखडते. सीटमध्ये बूड अगदी मागं टेकवून बसा, मग क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढं घ्या. पाठ टेकलेली ठेवून हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पायजे, बोटं नाही, मनगट. पाठीचा कोन काटकोनापेक्षा थोडासाच जास्त, शंभर-एकशेदहा डिग्री. आणि मांडीखाली सीटचा आधार लागतोय का बघा, मांडी हवेत राहिली तर सगळा भार बुडावर येतो आणि दोन तासांनी पाय बधिर व्हायला लागतात.

आता कंबरेचा आधार. यासाठी ऑनलाइन शेकडो उश्या मिळतात, मेमरी फोमच्या, जाळीच्या, मसाज करणाऱ्या. मी बऱ्याच बघितल्या, त्यातल्या बहुतेक इतक्या जाड असतात की स्पोर्ट्स सीटच्या खोल बैठकीत त्या लावल्या की माणूस सीटच्या बाहेरच येतो, दोन्ही बाजूचे खांदे-कुशीचे आधार वायाच जातात. आपल्याकडं त्याच्यापेक्षा चांगली वस्तू घराघरात पडलेली आहे, सोलापुरी टर्किश टॉवेल. हात पुसायचा मध्यम आकाराचा घ्या, आंघोळीचा मोठा नको. लांबीत एकदा दुमडा, मग घट्ट गुंडाळी करा, मनगटाएवढी जाड झाली की बास, दोन्ही टोकांना रबर बँड लावा. ही गुंडाळी पट्ट्याच्या, म्हणजे पँटच्या बेल्टच्या, किंचित वर पाठीमागं आडवी ठेवायची आणि तिला कंबर लावून मागं टेकायचं. पाच मिनिटात कळतं जाड झाली का बारीक, एक वेढा उलगडायचा नाहीतर वाढवायचा. सुती असल्यानं घाम शोषते, फोमसारखी तापत नाही, आणि मळली की धुवायची. मी कितीही महाग उशी बघितली तरी शेवटी या टॉवेलवरच येतो. यंत्रमागाच्या गावात राहून कंबरेसाठी परदेशी फोम मागवायची गरजच नाही बे.

एक गोष्ट मात्र जपा. बऱ्याच गाड्यांत सीटच्या कडेलाच साइड एअरबॅग असते. असल्या सीटवर बाजारातलं घट्ट शिवलेलं सीट कव्हर चढवायचं नाही, एअरबॅग उघडायच्या जागी ते आडवं येतं. सीटचा फोम बसलाय असं वाटलं तर कव्हर न चढवता कुशनवाल्याकडनं बैठकीचा फोमच बदलून घ्या. आमच्या इथल्या कुशनवाल्या काकांनी मला सांगितलं, "पोरा, मऊ फोम शोरूममध्ये बसून बघायला बरा, गाडीत घट्ट फोमच पायजे." खरंय ते. मऊ फोम अर्ध्या तासात दबून जातो आणि मग खालचा पत्राच लागतो.

बैठक झाली की टायर. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथं पडतो आणि लोक इथंच सगळ्यात कमी बघतात.

झेड फोरला कंपनीकडनं रनफ्लॅट टायर येतात, कारण गाडीत स्टेपनीच नाही, डिकीत छत ठेवायचं म्हटल्यावर ती ठेवणार कुठं. रनफ्लॅटची बाजूची भिंत जाड आणि कडक असते, हवा पूर्ण गेली तरी ती भिंतच गाडी उचलून धरते आणि ८० च्या स्पीडनं साधारण ८० किलोमीटर जाता येतं. एकटं माणूस रात्री कुठं अडकू नये म्हणून फार चांगली सोय आहे ती. पण तीच कडक भिंत रस्त्यावरचा प्रत्येक जोड, प्रत्येक पट्टी सीटपर्यंत पोचवते. जुने रनफ्लॅट झिजल्यावर मी चारही साधे टायर घातले, त्याच साइजचे, आणि पुणे रोडवर सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत गेल्यावरच बायको म्हणाली, "गाडी बदलली का काय!" टोलनाक्याच्या आधी त्या पांढऱ्या जाड पट्ट्या असतात ना ओळीनं, त्यांच्यावरनं जाताना आधी दात वाजायचे, आता नुसतं टक-टक ऐकू येतं.

साइजचं गणित पण समजून घ्या, सोपं आहे. टायरवर २२५/४० आर १८ लिहिलेलं असतं, त्यातलं ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. तेच १७ इंची रिमवर २२५/४५ घेतलं तर भिंत १०१ मिलिमीटर होते आणि चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, ६३७ च्या जागी ६३४, म्हणजे स्पीडोमीटर पण बिघडत नाही. हा एक सेंटीमीटर रबर आपल्या रस्त्यावर फार कामाला येतो आणि रिम वाकायची भीती पण कमी होते. पण लहान रिम घ्यायच्या आधी तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागावर, १७ चं रिम बसतंय का ते मिस्त्रीकडनं प्रत्यक्ष लावून बघा, मोठ्या इंजिनच्या गाड्यांना ब्रेक मोठे असतात. उलटं, म्हणजे १८ चं १९-२० करणं, दिसायला कितीही भारी असू दे, सोलापूरच्या माणसानं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साधे टायर घातल्यावर त्याची किंमत पण मोजावी लागते, ती म्हणजे पंक्चर. ट्यूबलेस पंक्चरचं किट, १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि एक चांगला टॉर्च, हे तिन्ही गाडीत कायम पायजेतच. खिळा लागला तर किटनं काम होतं, पण बाजूची भिंत फाटली तर ती कुणीच दुरुस्त करत नाही, मग गाडी उचलूनच न्यावी लागते, त्यामुळं टोइंगवाल्याचा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा.

आणि हवा. ही सकाळी, गाडी थंड असताना भरायची, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच. साधारण ५-६ डिग्री तापमान वाढलं की टायरमध्ये १ पीएसआय वाढतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात डांबरच इतकं तापलेलं असतं की दुपारी पंपावर चेक केलं तर आकडा चढलेलाच दिसणार. मग पंपावरचा पोरगा म्हणतो हवा जास्त झालीय काढू का, काढू द्यायची नाही. तापलेल्या टायरची हवा काढली तर संध्याकाळी ती कमी पडते, टायर जास्त दबतो आणि अजून तापतो. स्टिकरवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक हलक्या लोडचा आणि एक फुल लोडचा. दोघं जण आणि एक बॅग एवढंच असेल तर हलक्या लोडचाच आकडा धरा, विनाकारण जास्त हवा मारून गाडी उड्या मारायला लावू नका.

सस्पेन्शनबद्दल मला थोडक्यातच बोलायचंय. गाडीच्या आधीच्या मालकानं ती खाली बसवली होती, लोअरिंग म्हणजे बुटक्या स्प्रिंगा टाकून. माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ज्या थरथरीला सगळ्यात जास्त वैतागतं ती साधारण सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी, आणि बुटक्या स्प्रिंगा, त्यात शॉकॉबची चाल कमी उरलेली, म्हणजे गाडी दर दणक्याला बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकॉबची चाल संपते तिथल्या रबरावर, आपटते आणि नेमकी तसलीच थरथर देते. मी कंपनीच्या मूळ स्प्रिंगा परत घातल्या आणि चारही शॉकॉब नवीन. झालं. महागडे कॉइलओव्हर, म्हणजे उंची-कडकपणा कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकॉबचे सेट, हे दाबा ते फिरवा, काही लागलं नाही. शॉकॉब जुने असतील तर आधी ते बघा, कारण मेलेला शॉकॉब गाडी मऊ करत नाही, तो गाडी डोलवतो, आणि त्यानं बाजूला बसणाऱ्याला मळमळतं.

आणि स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा पसरट पायजे, २५ च्या स्पीडनं आरामात जाईल असा. गावागावात जे घातलेले असतात ते हातभर रुंद आणि वीतभर उंच. तिथं गाडी तिरपी घ्यायची, एकेक चाक चढवायचं, मागचा कितीही हॉर्न मारू दे.

आता आवाज. माझ्या मते ज्यानं आवाज आवरला त्यानं निम्मा प्रवास जिंकला. आधी सायलेन्सर. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं बाहेरचा एक्झॉस्ट, म्हणजे कंपनीचा नसलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, लावला होता, गल्लीत चालू केली की पोरं गोळा व्हायची. पण शंभरच्या आत एका स्पीडवर धरून ठेवली की कानात एक जड गुणगुण बसायची, बोलायला लागलं की ओरडावं लागायचं. त्याचं कारण साधं आहे, सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट होतात, २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे १२० हर्ट्झचा सूर. हाच सूर केबिनमध्ये घुमतो. काही लोक त्याच्यावर बंद तोंडाचा एक जादा पाइप वेल्ड करून घेतात, तो नेमका तेवढाच सूर मारतो, पण १२० हर्ट्झसाठी तो जवळपास एक मीटर लांब लागतो आणि बुटक्या गाडीखाली तेवढी जागा काढणं म्हणजे कसरतच. मी सरळ मूळ सायलेन्सर शोधून परत लावला. गाडीचा आवाज गेला नाही, पाय दाबला की ती अजून गातेच, फक्त सरळ रस्त्यावर गप्प बसते. कायद्याच्या दृष्टीनं पण तेच बरं.

मग पत्रा. दरवाजाचं आतलं पॅड काढून बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारा, टण्ण असा आवाज येतो आणि घुमत राहतो. त्याच्यावर हाताच्या पंजाएवढा ब्युटाइलचा, म्हणजे चिकट जड रबराच्या शीटचा, तुकडा चिकटवा, मागं ॲल्युमिनियमचा पत्रा असतो तो, रोलरनं दाबून घट्ट बसवा आणि परत टिचकी मारा. ठप्प. तिथल्या तिथं संपतो आवाज. अख्खा दरवाजा मढवायची गरज नाही, पत्र्याचा मधला पाव भाग झाकला तरी घुमणं बहुतेक थांबतं, दुकानदार मात्र सगळा झाकायलाच सांगतो. दरवाजाच्या खालची पाणी जायची भोकं बुजवू नका आणि आतलं प्लास्टिकचं शीट फाडू नका, नाहीतर पावसात पाणी आत येतं. डिकीचा तळ आणि सीटच्या मागची भिंत, तिथं ब्युटाइलवर फोमची शीट पण टाकली. रोडस्टरमध्ये, म्हणजे असल्या दोन सीटच्या उघड्या छताच्या गाडीत, माणूस मागच्या चाकांच्या अगदी जवळ बसलेला असतो, सगळी घरघर तिथनंच येते.

छताची कुरकुर हा या गाड्यांचा वेगळाच विषय आहे. आपल्याकडची धूळ रबरात बसते, रबर कोरडं पडतं आणि मग प्रत्येक हिसक्याला कुईं-कुईं. ओल्या फडक्यानं सगळी बीडिंग, म्हणजे कडेच्या रबरी पट्ट्या, पुसून घ्यायची, वाळू द्यायची आणि रबराला चालणारं सिलिकॉनचं वंगण अगदी पातळ लावायचं. ऑइल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. दहा-पंधरा रुपयाचं फडकं आणि अर्ध्या तासाचं काम, आणि मला विचाराल तर या एका कामानं डोकं जेवढं शांत झालं तेवढं कशानंच झालं नाही.

उन्हाबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं. मार्च ते जून छत उघडायचं नावच काढत नाही, पहाटे सोडून. काळ्या लेदरवर पार्किंगमध्ये चादर टाकतो, पुढच्या काचेला आतनं शेड, आणि निघायच्या आधी दोन्ही काचा खाली करून गरम हवा जाऊ देतो, मग एसी. काळी फिल्म लावायचा मोह होतो पण सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये त्याच्यावर बंदी आणली तेव्हापासून पोलिसांशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात मात्र मजा आहे, भिगवणला फ्लेमिंगो आलेले असतात, पहाटे छत उघडून, दोन्ही काचा वर, सीटच्या मागं जाळीचा विंड डिफ्लेक्टर लावला की वारा मागनं मानेवर येत नाही आणि एकमेकांशी बोलता येतं. ती जाळी लावल्याशिवाय हायवेवर छत उघडू नये.

ऊस चालू झाला की संध्याकाळनंतर निघू नका, हे आरामात पण बसतं आणि जिवात पण. टेंभुर्णी-इंदापूर पट्ट्यात डबल ट्रॉल्या असतात, मागं लाइट नसतो, आणि आपण इतकं खाली बसलेलो की समोरच्या प्रत्येक गाडीचा हेडलाइट थेट डोळ्यात. रात्री जावंच लागलं तर निघायच्या आधी पुढची काच आतनं पुसा. बाहेरनं सगळेच पुसतात, पण डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून त्याचा एक तेलकट पापुद्रा आतनं काचेवर बसतो, दिवसा दिसत नाही, रात्री हेडलाइट पडला की सगळी काच पांढरी होते आणि डोळे ताणून ताणून डोकं दुखतं.

आईला तुळजापूरला न्यायचं होतं तेव्हा खरा प्रश्न वेगळाच निघाला. पंचेचाळीस किलोमीटरच, पण तिचे गुडघे दुखतात आणि सीट इतकी खाली. पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अरे बाळा, पाटावर बसल्यागत वाटायलंय." आता पद्धत बसलीय. सीट पूर्ण मागं घ्यायची, आधी तोंड बाहेर करून बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम जुळवून आत फिरवायचे. सीटवर एक प्लास्टिकची पिशवी अंथरली की फिरताना लेदर कपड्याला धरत नाही, बसल्यावर पिशवी ओढून काढायची. उतरताना हेच उलटं, आणि फुटपाथच्या कडेला गाडी लावायची नाही, कडेचा उंचवटा दरवाजाला पण लागतो आणि पाय पण नीट टेकत नाही. आता ती स्वतः म्हणते, याच गाडीनं जाऊ.

सामान मऊ बॅगेतच न्या. छत बंद असेल तर डिकी ३१० लिटर आहे, उघडायचं तर १८० च उरते, चाकाची सूटकेस असली की छत उघडायचा विषयच संपला. दोन कापडी बॅगा आणि शेंगाचटणीचा डबा, एवढ्यात भागतं. पाणी हाताशी ठेवा आणि दर दोन तासानं उतरा, पुण्याला जाताना टेंभुर्णीला एकदा आणि भिगवणच्या पुढं एकदा, चहा प्यायला नाही तरी पाच मिनिटं चाला.

सिमेंटच्या रस्त्यावर मागनं अजून थोडी घरघर येते, ती मागच्या दोन्ही चाकांच्या वरच्या कमानीतनं येते असं मिस्त्रीचं म्हणणं आहे. तो म्हणतो, "दादा, लायनर उतरवून बाहेरच्या बाजूनंच करू, आतनं कितीबी लावलं तर उपयोग नाही." लायनर म्हणजे चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर. पावसाच्या आधी ते करून घेणार आहे, मग उमरगा-जहिराबादवरनं हैदराबादला जाऊन येऊ आणि किती फरक पडला ते सांगतो.